जलाशयाचे साक्षीदार

लहानपणी आमच्या घरी विहिरीचे पाणी भरण्याची एक ठरलेली रीत होती. घागरीच्या तोंडावर चौपदरी फडके बसवावयाचे, बोटाने त्याला थोडा खोलगटपणा आणावयाचा आणि मग पोहऱ्यातील पाणी संथ धारेने ओतावयाचे. फडके न लावता कोणी घागर भरली, तर आजी ते पाणी तुळशीला घाली आणि पुन्हा पाणी काढावयास लावी. "आजी, पाणी इतके नितळ आहे, मग ते गाळायचे कशाला?" असे मी तिला एकदा विचारले. तिने काही उत्तर दिले नाही. फडके उलटे करून तिने माझ्या तळहातावर पसरले. प्रथम मला काहीच दिसले नाही. मग ओल्या कापडावर खसखशीहून लहान असे दोन-तीन फिकट ठिपके दिसले, आणि त्यांतील एक ठिपका चक्क सरकला!

त्या ठिपक्याचे नाव सायक्लॉप्स, हे मला पुढे शाळेत कळले. ग्रीक पुराणकथांत कपाळावर एकच डोळा असलेले राक्षस आहेत. त्यांच्यावरून हे नाव आले. या इवल्याशा प्राण्यालाही डोक्याच्या मध्यभागी एकच डोळा असतो. महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत त्या काळी नारूचा रोग होता. नारूची सूक्ष्म पिल्ले पाण्यात येत, सायक्लॉप्स ती खाई, आणि तो सायक्लॉप्स पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जाई. सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा, दोऱ्यासारखा जंत बहुधा पायाच्या कातडीतून बाहेर पडू लागे. वेदना शमावी म्हणून रोगी बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी, आणि तेथेच जंत हजारो पिल्ले सोडी. हे चक्र तोडण्यास पाणी गाळणे हा मोठा उपाय ठरला. भारतातील नारूचा शेवटचा रोगी १९९६ च्या जुलै महिन्यात आढळला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. त्या चौपदरी फडक्याचे श्रेय आजीला कोणी दिले नाही, ही गोष्ट वेगळी.

परंतु सायक्लॉप्स हा काही जात्या दुष्ट प्राणी नव्हे. नारूची पिल्ले पाण्यात नसतील, तर तो निरुपद्रवी असतो. त्याच्यासारखे असंख्य जीव प्रत्येक तळ्यात, विहिरीत आणि धरणाच्या जलाशयात राहतात. त्या पाण्यावर काय प्रसंग गुदरले, हे वाचता येणाऱ्याला ते सांगू शकतात. आज आपण त्यांची साक्ष कशी वाचतात ते पाहू.

मोठ्या शहराला पाणी पुरविणाऱ्या एखाद्या जलाशयाची कल्पना करा. तेथील पाणी चांगले आहे की नाही, हे ठरविण्यासाठी रसायनतज्ज्ञ बाटलीत पाणी भरून घेतो आणि त्यात विरघळलेला प्राणवायू किती, क्षार किती, आम्लता किती, हे मोजतो. ही परीक्षा अत्यंत आवश्यक आहे. परंतु बाटली सांगते ती केवळ त्या क्षणाची गोष्ट. रात्री एखाद्या नाल्यातून मैला किंवा कारखान्याचे सांडपाणी सोडले गेले आणि बाटली दुसऱ्या दिवशी दुपारी भरली, तर रात्रीची हकीकत बाटली सांगेलच असे नाही. पाण्यातील जीव मात्र रात्रंदिवस तेथेच असतात. जे काही पाण्यात येते, ते त्यांना सोसावे लागते. काही मरतात, काही कसेबसे टिकतात, आणि काहींची तर चंगळ होते. म्हणून कोण उरले, कोण वाढले आणि कोण नाहीसे झाले, हे पाहिले की मागच्या दिवसांचा अंदाज बांधता येतो.

या जीवांना प्राणिप्लवक असे म्हणतात. प्लवक म्हणजे तरंगणारे. त्यांना पोहता येत नाही असे नाही, परंतु प्रवाहाविरुद्ध जाण्याइतके बळ त्यांच्या अंगी नसते. व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ साली अशा जीवांना 'प्लँक्टन' हे नाव दिले. भटकणारा अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते बनविले आहे. त्यांना पकडण्यासाठी शंकूच्या आकाराची जाळी वापरतात. यूरोपातील गिरण्यांत पीठ चाळण्यासाठी जे तलम रेशमी कापड असे, त्याच कापडाच्या जाळ्या प्रथम शिवल्या गेल्या. आता त्या नायलॉनच्या करतात. छिद्रे मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाएवढी असतात. जाळीच्या टोकाला एक लहान बाटली बांधलेली असते. जाळी पाण्यातून ओढली म्हणजे पाणी निघून जाते आणि जीव बाटलीत गोळा होतात. आजीचे फडके आणि शास्त्रज्ञाची जाळी यांत तत्त्वाचा फरक नाही. फरक एवढाच की आजी पाणी ठेवून ठिपके टाकी, आणि शास्त्रज्ञ ठिपके ठेवून पाणी टाकतो.

आता सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवू. गोड्या पाण्याच्या जलाशयात प्राणिप्लवकांची तीन घराणी विशेष आढळतात.

पहिले घराणे रोटिफरांचे. हे सर्वांत लहान. मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. त्यांच्या डोक्यावर बारीक केसांची कडी असतात. केस एकामागून एक लवतात, त्यामुळे दोन चाके गरगर फिरत आहेत असा भास होतो. प्रत्यक्षात काहीच फिरत नाही! या केसांनी पाण्यात भोवरा निर्माण होतो आणि शेवाळाचे कण व जंतू तोंडाशी ओढले जातात. यांतील ब्रॅकिओनस नावाच्या जातींना फुलदाणीसारखे कवच आणि त्यावर काटे असतात. ब्रॅकिओनसची एक मोठी गंमत आहे. त्याला खाणारा ॲस्प्लांक्ना नावाचा दुसरा रोटिफर पाण्यात असेल, तर त्याच्या अंगातून पाण्यात मिसळणाऱ्या द्रव्याची चाहूल ब्रॅकिओनसच्या माद्यांना लागते, आणि त्यांच्या अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांना अधिक लांब काटे फुटतात. आईने शत्रू ओळखावा आणि पिल्लाने शस्त्र घेऊनच जन्मावे, असा हा प्रकार आहे.

दुसरे घराणे पाणपिसवांचे. नाव पिसू असले तरी ते कीटक नव्हेत. खेकडा आणि कोळंबी यांचे ते दूरचे नातलग आहेत. पिसवेप्रमाणे उड्या मारीत पोहतात, म्हणून हे नाव. डॅफ्निया ही त्यांतील प्रसिद्ध पाणपिसू. तिची लांबी एक ते तीन मिलिमीटर असते. तिचे अंग काचेसारखे पारदर्शक असल्यामुळे आत धडधडणारे हृदय, हिरव्या अन्नाने भरलेले आतडे आणि पाठीवरच्या पिशवीतील पिल्ले, हे सारे जिवंतपणीच पाहावयास मिळते. पाण्यातील प्राणवायू कमी झाला की तिच्या रक्तात हिमोग्लोबिन वाढते आणि एरवी फिकट दिसणारी डॅफ्निया लालसर दिसू लागते. तिच्यापुरता हा प्राणवायूचा मोजमापच आहे म्हणा ना! विषाच्या बाबतीत ती फार नाजूक असते. म्हणून एखाद्या द्रव्याने पाणी विषारी होते काय, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत एका दिवसाच्या आतील पिल्ले त्या पाण्यात ४८ तास ठेवतात आणि किती निश्चल झाली ते मोजतात.

परिस्थिती चांगली असली म्हणजे पाणपिसवांच्या माद्या नरांवाचूनच भराभर पिल्ले देतात. दिवस वाईट आले की नर जन्मतात आणि मग जाड कवचातील विशेष अंडी तळाच्या गाळात पडून राहतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका सरोवराच्या गाळातून मिळालेली, सुमारे सातशे वर्षांपूर्वीची अंडी शास्त्रज्ञांनी उबवून दाखविली आणि त्यांतून जिवंत डॅफ्निया बाहेर आल्या. आपल्याकडे देवगिरीला यादवांचे राज्य संपून फार दिवस झाले नव्हते, त्या सुमाराची ती अंडी!

तिसरे घराणे कोपेपॉडांचे. वल्ह्यासारखे पाय असलेले असा त्या शब्दाचा अर्थ. सायक्लॉप्स याच घराण्यातला. त्याचा भाऊबंद डायाप्टोमस याच्या डोक्याला शरीराएवढ्या लांब मिशा असतात. सायक्लॉप्स झटके देत पळतो आणि हाती लागेल ते पकडून खातो. डायाप्टोमस संथपणे तरंगत पाण्यातील कण निवडून घेतो.

मैल्याचे पाणी जलाशयात आले, तर या तीन घराण्यांचे काय होते? मैल्याबरोबर नत्र आणि फॉस्फरस ही द्रव्ये येतात. शेतातील जादा खतही पावसाबरोबर हेच करते. ही शेवाळाची खते होत. पाणी हिरवे होते, शेवाळ मरून तळाशी बसते, ते कुजविणारे जंतू वाढतात आणि तळाचा प्राणवायू संपत जातो. अशा पाण्यात डायाप्टोमसचे प्रमाण बहुधा घटते. ब्रॅकिओनस, सायक्लॉप्सच्या काही जाती आणि मोइना नावाची लहान पाणपिसू यांची मात्र भरभराट होते. येथे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात घ्या. एकंदर जीवांची संख्या पुष्कळदा कमी होत नाही, उलट वाढते. घटते ते वैविध्य. गर्दी मोठी, पण गर्दीतील चेहरे तेच ते, अशी स्थिती होते. म्हणून केवळ 'जीव किती' एवढे विचारून भागत नाही. 'कोणकोण' हे विचारावे लागते.

हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी अनेक आकडे योजले आहेत. चेकोस्लोव्हाकियातील स्लाडेचेक या शास्त्रज्ञाने १९८३ साली एक सोपा भागाकार सुचविला. ब्रॅकिओनसच्या किती जाती सापडल्या, त्याला ट्रायकोसर्का या दुसऱ्या रोटिफराच्या जातींच्या संख्येने भागावयाचे. उत्तर एकाहून कमी आले, तर पाण्यात पोषक द्रव्ये थोडी. एक ते दोन आले, तर मध्यम. दोनाहून अधिक आले, तर अति. ब्रॅकिओनसच्या सहा जाती आणि ट्रायकोसर्काच्या दोन सापडल्या, तर उत्तर तीन येईल, म्हणजे पाण्याकडे लक्ष द्यावयास हवे. हा भागाकार तिसरीतील मुलालाही येईल, परंतु त्यावर डोळे मिटून विसंबू नये, असे माझे मत आहे. यूरोपातील थंड पाण्यावरून तो बसविलेला आहे. उष्ण प्रदेशात ब्रॅकिओनसच्या जाती मुळातच पुष्कळ असतात, म्हणून आपल्याकडे तोच आकडा थोडा सांभाळून वाचावा लागतो.

साक्षीदार कधीकधी दिशाभूलही करतात. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात क्रिस्टल नावाचे सरोवर आहे. तेथे १९४२ साली मोठ्या आकाराचे प्राणिप्लवक होते. १९६४ साली पाहिले तर मोठे जवळजवळ नाहीसे होऊन लहानच उरले होते. पाणी घाण झाले होते काय? नाही. मधल्या काळात ब्लूबॅक हेरिंग नावाचा मासा तेथे आला होता, आणि तो मोठे घास निवडून खात होता. साक्ष खरी होती, पण ती घाणीविषयी नव्हती, माशाविषयी होती. चांगला न्यायाधीश एका साक्षीवर निकाल देत नाही, तो याचसाठी.

आता ज्याने ही साक्ष आयुष्यभर वाचली, अशा एका माणसाची गोष्ट सांगतो. तिची सुरुवात आपल्याच देशाच्या पाण्यापासून होते. १९३२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाची एक तुकडी लडाख व आसपासच्या प्रदेशात अभ्यासासाठी आली होती. हचिन्सन नावाचे शास्त्रज्ञ तिच्याबरोबर होते. तेथील पाण्यातून त्यांनी प्लवकांचे नमुने नेले. त्यांच्या गावी टॉमी एडमंडसन नावाचा एक शाळकरी मुलगा होता. त्याला रोटिफरांचे विलक्षण वेड होते. हचिन्सन यांनी त्याला ते काम दिले, आणि १९३४ साली, म्हणजे एडमंडसन अवघा अठरा वर्षांचा असताना, त्या भारतीय रोटिफरांवरील लेख दोघांच्या नावाने छापला गेला.

पुढे एडमंडसन सिॲटल शहरातील विद्यापीठात प्राध्यापक झाले. शहराच्या पूर्वेस लेक वॉशिंग्टन हे मोठे सरोवर आहे. ते धरणाने बनलेले नाही, नैसर्गिक आहे; परंतु शहराच्या कडेच्या पाण्याची जी गत होते, ती त्याचीही झाली. काठावरची वस्ती वाढत गेली आणि गावोगावचे सांडपाणी, शुद्ध केलेले असले तरी फॉस्फरसने भरलेले, त्यात सोडले जाऊ लागले. १९५५ साली एडमंडसन यांच्या विद्यार्थ्याला पाण्यात ऑसिलेटोरिया नावाचे तंतुमय शेवाळ दिसले. हेच शेवाळ स्वित्झर्लंडमधील झुरिक सरोवराच्या अवनतीच्या वेळी तेथे उगवले होते, हे एडमंडसन यांना ठाऊक होते. पाणी अजून वरवर चांगले दिसत होते, तेव्हाच त्यांनी पुढे काय होणार ते सांगितले: पाणी गढुळेल, शेवाळाचे थर काठाला लागून कुजतील, दुर्गंधी सुटेल.

उपाय एकच होता. सांडपाणी नळांनी उचलून सरोवराबाहेर न्यावयाचे. त्यासाठी प्रचंड पैसा लागणार होता, आणि तो काठावरच्या लोकांनाच कररूपाने द्यावा लागणार होता. १९५८ च्या मार्च महिन्यात मतदान झाले; लोकांनी योजना नाकारली. जे संकट अद्याप नीट दिसत नाही, त्यासाठी आज खिसा रिकामा करावयास माणूस सहसा तयार नसतो. प्रचारकांनी योजनेत बदल केले, एडमंडसन लोकांच्या शंकांना उत्तरे देत राहिले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये दुसऱ्या मतदानात योजना संमत झाली. १९६३ पासून सांडपाणी टप्प्याटप्प्याने वळविण्यास आरंभ झाला आणि १९६८ साली ते पुरते बंद झाले.

पाण्याचा नितळपणा मोजण्याचे एक साधे साधन आहे. सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली ते भूमध्य समुद्रात वापरून पाहिले. पांढरी तबकडी दोरीने खाली सोडावयाची आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहावयाचे. १९६३ च्या उन्हाळ्यात लेक वॉशिंग्टनमध्ये ही तबकडी सुमारे एका मीटरवर दिसेनाशी होई. सांडपाणी थांबल्यावर काही वर्षांत ती तीन-चार मीटरांपर्यंत दिसू लागली. अपेक्षेप्रमाणे झाले, असे म्हणून सारे समाधान पावले.

आणि १९७६ साली अनपेक्षित ते घडले. तबकडी एकाएकी पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट खोलीपर्यंत दिसू लागली. फॉस्फरस तर तेव्हा आणखी घटला नव्हता. मग पाणी कोणी स्वच्छ केले? उत्तर जाळीत मिळाले. वर्षानुवर्षे जी तेथे क्वचितच दिसे, ती डॅफ्निया आता विपुल झाली होती, आणि तिचे थवे शेवाळाचे कण गाळून खात होते. ती इतकी वर्षे का आली नव्हती, हे एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी चाळून शोधले. ऑसिलेटोरियाचे लांब तंतू डॅफ्नियाच्या गाळणीत अडकत. घास गिळावा की गुंता सोडवावा, अशी तिची अवस्था होई. सांडपाणी थांबल्यावर ते शेवाळ हळूहळू संपले. शिवाय डॅफ्नियाला खाणारी निओमिसिस नावाची कोळंबीसारखी एक जात तेथे होती. तिला खाणारे स्मेल्ट मासे १९६० नंतरच्या दशकात वाढले आणि तिची संख्या घटली. दोन्ही अडथळे दूर झाले, तेव्हाच डॅफ्निया आली. १९७६ साली पाणी नितळ झाले ते त्यात जीव नव्हते म्हणून नव्हे, तर त्यात जीव गजबजले होते म्हणून!

आजीला मी विचारलेल्या प्रश्नाकडे आता वेगळ्या दृष्टीने पाहता येईल. नितळ पाणी दोन प्रकारचे असू शकते. एखाद्या विषाने किंवा आम्लाने सारे जीव मारून टाकलेले पाणीही काचेसारखे दिसते, आणि डॅफ्नियाने गाळलेले पाणीही काचेसारखेच दिसते. डोळ्यांना त्यांतील भेद कळत नाही, जाळीला कळतो. अर्थात पहिले पाणी पिण्यायोग्य नाही, म्हणून दुसरे तसेच ओंजळीने प्यावे, असे मात्र नव्हे. जलाशयातील पाणी कितीही निरोगी असले, तरी ते गाळून आणि जंतुरहित करूनच प्यावयाचे असते.

महाराष्ट्रातील जलाशयांची साक्ष वाचताना आपल्या ऋतूंचे भान ठेवावे लागते. पावसाळ्यात गढूळ लोंढे येतात, पाणी पातळ होते, सांडव्यावरून वाहून जाते आणि प्लवकांची संख्या बहुधा उतरते. हिवाळ्यात पाणी निवळते. उन्हाळ्यात पाणी आटते, जे काही त्यात आहे ते दाट होते आणि रोटिफरांची गर्दी उसळते. एका महिन्याचा नमुना पाहून जलाशयाला चांगला किंवा वाईट ठरविणे म्हणजे एका दिवसाच्या हजेरीवरून विद्यार्थ्याची परीक्षा घेण्यासारखे आहे.

तुमच्या शाळेजवळ तळे असेल, तर गुरुजींना बरोबर घेऊन तुम्हीही पाहू शकाल. तलम कापडातून दोन-तीन बादल्या पाणी गाळा, कापडावरचे जीव थोड्या पाण्यात पांढऱ्या बशीत उतरवा आणि भिंगातून पाहा. दर महिन्याला जागा तीच आणि वेळही तीच असू द्या, कारण पुष्कळ प्लवक दिवसा खोल अंधारात उतरतात आणि रात्री वर येतात. बशीत काय दिसले त्याची चित्रे तारखेसह वहीत काढा. पाहून झाल्यावर बशीतील पाणी पुन्हा तळ्यात सोडा. पाणी गाळून त्यातील जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडण्याची रीत आमच्या शेजारच्या जैन कुटुंबात होती. पहिल्या महिन्यात सारे ठिपके सारखेच वाटतील. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उड्या मारीत जाते ती पाणपिसू आणि झटक्याने सरळ पळतो तो सायक्लॉप्स, हे भिंग हातात घेण्यापूर्वीच ओळखू येऊ लागते.